चिठ्ठी नसलेली बाटली

औषधांच्या दुकानात तीस वर्षं उभ्याने काढलेल्या त्या गृहस्थांना सगळे तारीखवाले म्हणत. खोकल्याचं औषध असो की बिस्किटांचा पुडा, हातात आला की आधी उलटा करून तारीख बघणार. यांना लग्नपत्रिका दिली तरी संपण्याची तारीख शोधतील, असं दुकानाचा मालक म्हणायचा. कुणाचं औषध, कशासाठी, कधी घ्यायचं, ही चिठ्ठी चिकटवल्याशिवाय त्यांच्या हातून एकही बाटली गिऱ्हाइकाकडे गेली नाही. बायकोलाही तेच सांगायचे, तारीख बघत जा गं. ती हसायची. तुम्ही आहात की बघायला, म्हणायची, आणि ते देतील ती रक्तदाबाची गोळी न बघता गिळायची.

मग ती गल्लीच्या टोकाच्या प्रार्थनागृहात जायला लागली. तिथून मंतरलेल्या पाण्याचा कॅन घरी आला आणि तारीखवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी पाणी हुंगलं, उजेडात धरलं, जिभेवर थेंब टाकून पाहिला. शेवटी ओळखीच्या प्रयोगशाळेत तपासून आणलं. साधं पाणी निघालं. साधं निघालं म्हणजे तर नक्कीच काहीतरी गौडबंगाल आहे, असं त्यांना वाटलं! आता अशा माणसाला काय म्हणावं?

पण संशय अगदीच फुकट नव्हता. आठ दिवसांनी गॅलरीतल्या कुंडीत पांढऱ्या गोळ्या सापडल्या. त्यांनी घरच्या यंत्रावर बायकोचा रक्तदाब मोजला, तर आकडा भलताच चढलेला. ते समजावून थकले, चिडले, डॉक्टरांनाही तिच्याशी बोलायला लावलं. अर्धांगवायूचा झटका येईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं. बारा वर्षं गोळ्यांना दिली, आता थोडे दिवस देवाला देते, एवढंच म्हणाली.

त्यावर त्यांनी जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. रोज सकाळी ती कॅनमधलं ग्लासभर पाणी छोट्या बाटलीत ओतून ठेवायची, अंघोळीला जायची, मग प्रार्थना करून ते प्यायची. तिची अंघोळ चालू असताना हे दुकानातून आणलेल्या खलात गोळी कुटायचे, बाटलीत टाकायचे आणि हलवायचे. आयुष्यात चिठ्ठी न लावलेली त्यांची तेवढी एकच बाटली.

रक्तदाब उतरला. यंत्रावरचा आकडा बघून ती लहान पोरीसारखी रडली. प्रार्थनागृहात सगळ्यांसमोर उभी राहून तिने आपली हकीकत सांगितली. तारीखवाले मागच्या रांगेत चोरासारखे बसले होते. गुण गोळीचा की तिच्या श्रद्धेचा? एक दिवस गोळी न टाकता बघावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. हिंमत झाली नाही.

चार महिने असेच गेले आणि लेक राहायला आली. तिला दिवस गेलेले होते, चौथा महिना लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तारीखवाले दाढी करून बाहेर आले, तर बायकोने प्रार्थना आटोपून बाटलीतलं अर्धं पाणी लेकीच्या पेल्यात ओतलेलं. लेकीने पेला तोंडाशी नेला होता. ती गोळी पोटुशी बाईला चालत नाही, हे त्यांनी दुकानात शेकडो जणींना सांगितलेलं. त्यांनी झडप घालून पेला उडवला. पाणी भिंतीवर, जमिनीवर, लेकीच्या अंगावर.

"बाबा, अहो काय हे?" लेक घाबरून म्हणाली.

"पिऊ नकोस. त्यात गोळी आहे. रोज असते. मीच टाकतो."

बायको रागावेल, आदळआपट करेल, असं त्यांना वाटलं होतं. ती खाली बसली आणि फडक्याने पाणी टिपत राहिली. टिपता टिपता म्हणाली, "मला वाटलं होतं, देवाने माझं ऐकलं."

पहिल्यांदाच तारीखवाल्यांना वाटलं, पाण्यात खोट मिसळणारा माणूस आपण इतके दिवस भलत्याच घरात शोधत होतो.

ती आता गोळ्या घेते. प्रार्थनागृहातही जाते, कॅन मात्र आणत नाही. त्यांनी चहा करून दिला की हुंगते, आणि त्यांनी एक घोट घेतल्याशिवाय कपाला हात लावत नाही. गोळ्यांचं पाकीट स्वतः आणते, तेही पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून. रोज सकाळी चष्मा लावून, पाकीट उजेडात धरून ती तारीख बघते, मगच गोळी काढते. समोरच्या खुर्चीत तारीखवाले बसलेले असतात.