ट्रकमधलं हसू

माझी आई मार्लिस सुनावण्या घेते. न्यायाधीश नाही ती, काळा झगा नाही की हातोडा नाही. सरकारी खात्याने कुणाचं लायसन्स काढून घेतलं आणि तो माणूस अन्याय झाला म्हणाला, की आईने नॉर्थ डकोटातल्या कुठल्यातरी गावी गाडी हाणायची, टेबलावर रेकॉर्डर ठेवायचा, दोघांचं ऐकायचं आणि निकाल द्यायचा. पगार सरकारच देतं, त्यामुळे लोक तिला खात्याचीच समजतात, म्हणून ती फार सांभाळून असते. जेवणाच्या सुट्टीत कुणाची कॉफीसुद्धा घेत नाही, एकटी गाडीत बसून सँडविच खाते. आम्ही चिडवायचो, "आमच्याबरोबर जेवलेलं चालेल ना गं?"

जानेवारीत व्हर्ना डाल्केची सुनावणी होती. तिच्या पाळणाघरातलं एक पोर फाटकातून रस्त्यावर गेलं म्हणून खात्याने पाळणाघर बंद केलेलं. बाई एकटी, दुसरी कमाई नाही. सकाळी खात्याचा इन्स्पेक्टर कर्ट बोलला, दुपारी व्हर्नाची पाळी होती.

सुट्टीत आईची गाडी सुरूच होईना आणि बाहेर थंडी अशी की नाक बधिर. आत हॉलमध्ये व्हर्ना तिच्या साक्षीदार बाईसोबत डबा खात बसलेली, तिथे आईला बसता येईना. कर्ट आईच्या रोजच्या ओळखीचा. त्याने ट्रकची काच खाली केली.

"बसा आत मॅडम, गोठाल. केसचा शब्द काढणार नाही."

आई बसली. तो बर्फातल्या मासेमारीचं बोलत होता, आणि मग मध्येच म्हणाला, "पोरं काही सांभाळता येत नाहीत त्या बाईला, तोंड मात्र छान चालवता येतं, दिवसभर."

आणि आई हसली. नुसतं सवयीने, समोरचा बोलला की हसतो तसं. वर बघितलं तर हॉलच्या खिडकीत व्हर्ना.

सुट्टी संपली तेव्हा व्हर्ना एकटीच टेबलाशी बसलेली होती.

"तुमच्या साक्षीदार बाई कुठायत?" आईने विचारलं.

"पाठवलं घरी. काय उपयोग आता, जेवताना ठरलंच असेल ना तुमचं."

आईने रेकॉर्डर चालू केला आणि सगळं सांगितलं, ट्रक, कर्टचं वाक्य, स्वतःचं हसणंही. कर्ट लालबुंद. मग आई म्हणाली, मी ही केस सोडते, दुसरा अधिकारी येईल.

"कधी?"

"महिना-दोन महिने तरी."

"वा. म्हणजे तुम्ही सुटलात आणि माझ्याकडची पोरं तोवर दुसऱ्या पाळणाघरात जाणार," व्हर्ना म्हणाली. "बसा मॅडम. तुम्हीच ऐका आता."

नियमात तशी सोय आहे, दोन्ही बाजू चालेल म्हणाल्या तर. कर्टही कसाबसा चालेल म्हणाला. व्हर्नाने साक्षीदाराला फोन करून परत बोलावलं. ती त्याच पोराची आई निघाली, आणि तिने सरळ सांगितलं, की पोराला सोडून जाताना फाटक मीच उघडं टाकलं होतं. कर्टने तिला कधी विचारलंच नव्हतं.

व्हर्नाला लायसन्स परत मिळालं. मी तर खूश झाले, म्हटलं आई, मग झालं की सगळं नीट. आई भांडी घासत होती, तिने वळूनही बघितलं नाही.

"खिडकीत व्हर्ना दिसली नसती, तर फाटकाचं कळलंच नसतं असं वाटतं तुला?" मी विचारलं.

"साक्षीदार बाई तेच सांगणार होती गं. दुपारी व्हर्नाकडून तिचीच साक्ष होती." मग म्हणाली, "पण मी ऐकलं असतं का? सकाळी कर्टचं ऐकूनच माझं मत झालं होतं. हसू उगाच नाही आलं मला."

मी टॉवेल घेतला आणि तिच्या शेजारी उभी राहून ताटं पुसत राहिले.