साइड चेन, बराबर?

"ए तांडा, ऊठ. बाजूला हो."

औंढ्याचं कॉलेज, बारावीचा वर्ग. केमिस्ट्रीच्या सरांनी मला पहिल्या बाकावरून उठवलं आन् दारात उभं केलं. तुमाला वाटलं आसंल, आता ह्यो रडंल. थांबा. मी नकल्या हाय. रडलो तरी दुसऱ्याच्या आवाजात रडतो.

सर बड्या घरचे. दर वाक्यामागं "बराबर?" इचारायचे. वर्गानं "बराबर!" म्हणायचं. रोजचंच. फळ्यावर त्यायनं लांब वाकडीतिकडी रेघ मारली.

"ही प्रोटीनची मेन चेन. बाजूला ह्ये लोंबून राहिले, त्या साइड चेन. बराबर?"

"बराबर!"

खडू माझ्याकडं वळला. "ह्ये तांड्यावरचे तसेच. सवलतीला लोंबून राहिले. बराबर?"

"बराबर!"

त्यात एक आवाज माझा व्हता. सवयीनं निसटला. सर हसले. वर्ग हसला. शिवी त्यांची, सही माझी.

आठ दिवस ते "बराबर" माझ्याच आवाजात ऐकू येत राहिलं. मग तोच धडा तीनदा वाचला. तिसऱ्यांदा हसू फुटलं.

सोमवारी सर यायच्या आधी फळ्यापाशी गेलो. सरांसारखा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हात पाठीमागं, आवाज हुबेहूब सरांचा.

"पोरांनो, मेन चेन समद्या अमायनो ॲसिडांची सारखीच. कोण कोणतं, ते साइड चेन ठरवती. बराबर?"

"बराबर!"

"रक्तातल्या प्रोटीनात एक साइड चेन बदलली, की गोल पेशीचा इळा होतो. बराबर?"

"बराबर!"

"सगळ्यात बारकी साइड चेन ग्लायसीनची. नुसता एक हायड्रोजन. मेन चेनचा रुबाब तेवढा, सोताचं काईच न्हाई. आपल्यात ग्लायसीन कोण?"

वर्ग माझ्या मागं बघाया लागला. मागं पाह्यलं, तर दारात सर. मला उभं केलं व्हतं, त्याच जागी.

बोट दाखवलं. त्यांच्याच आवाजात म्हणलं, "ह्ये. बराबर?"

"बराबर!" वर्ग सवयीनं बोंबलला. सरांचे ओठबी हलले. मी पाह्यलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी माझ्या आईला, याडीला, बोलावलं. "पोराला सरांची माफी मागायला सांगा," म्हणले. मी म्हणलं, "न्हाई मागत."

याडीनं पदर खोचला. सर, प्राचार्य, समद्यांदेखत मला झापलं.

"माफी माग. सरांची न्हाई, माझी! एवढी खरी गोष्ट, आन् उसन्या आवाजात काहून बोललास रं? मी मुकं लेकरू जन्माला घातलं का? जा, पहिल्या बाकावर बस. आन् आता त्यांच्या तोंडावर बोल, तुझ्या तोंडानं. तवर घरी येऊ नको."