चकलांब्याची पश्चिमेची काच

मामांनी चकलांब्याला नवा बंगला बांधला, त्याचा नकाशा मी पुण्यात बसून काढला होता. मे महिन्यात त्यांची लेक पूजा बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळाबरोबर आपण आखलेलं घरही बघून येऊ, अशी दुहेरी हौस घेऊन शनिवारी पहाटे निघाले.

नगर-शेवगाव मार्गे पाच तास धरा. नगरलाच पोटभर खाऊन घ्या. पुढे ऊन असं अंगावर येतं की भूकच मरते.

बंगला रस्त्यावरूनच ओळखू आला. पश्चिमेला दोन मजली काच! मामांना घर चारचौघांत उठून दिसायला हवं होतं, मला फोटोत. दुपारी चारपर्यंत मी खूश होते.

चारला लाइट गेली. वरच्या मजल्यावर, त्याच काचेमागे बाळंतिणीची खोली. मामींनी रिवाजाप्रमाणे खिडक्या घट्ट लावलेल्या, पूजाचे कान बांधलेले, अठरा दिवसांचं बाळ दुपट्यात गुंडाळलेलं. डोक्यावर तापलेला स्लॅब. भिंतीला हात लावला आणि झटकन काढला. बाळ दुपारपासून पीत नव्हतं, त्याचं अंग चटका बसेल इतकं तापलं होतं. खिडकी उघडायला गेले तर मामी आडव्या आल्या.

"माजी तिन्ही बाळंतपणं बंद खोलीतच झाली. एकाला तरी काय झालं का?"

"कुठल्या खोलीत, मामी?"

त्यांनी परसातल्या जुन्या खोलीकडे बोट दाखवलं. हातभर जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. आता तिथे कडबा भरलेला. ती खोली बंद केली तरी गारच राहायची. रिवाज तोच राहिला होता, भिंती मी बदलल्या होत्या. हे मी मामींना सांगितलं. त्यांनी बाळाचं दुपटं सोडलं.

गेवराईच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता कसा आहे ते मला विचारू नका. पूजा सारखी बाळाच्या छातीवर हात ठेवून बघत होती, तेवढंच आठवतं. डॉक्टरांनी उकाड्यानं ताप चढल्याचं सांगितलं, बाळाला ठेवून घेतलं आणि आम्हाला चांगलंच झापलं. अंधार पडता पडता बाळ प्यायलं, तेव्हा मी जिन्यात बसून रडले.

दोन दिवसांत मामांनी जुनी खोली रिकामी करून सारवून घेतली. कडब्याच्या पेंढ्या ठेवायला जागा नव्हती, त्या बंगल्याच्या काचेला टेकून रचल्या. आता रस्त्यावरून कडबाच दिसतो.

पुण्याला येऊन आठवडा झाला. बाळ त्या खोलीत निवांत झोपतं म्हणे. काल पूजाचा फोन आला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"ताई, घर काढताना काचेमागच्या खोलीत कोन झोपनार, हे तू इचारलंच न्हवतं का?"

रस्त्यावरून ते कसं दिसेल, एवढंच मी विचारलं होतं.