जवळच्या खांबाकडे

शाळेच्या मैदानावरचे फवारे सुरू झाले की तापलेल्या वाळूचा आणि ओल्या गवताचा मिळून एक वास उठतो, आणि ग्रंथालयाच्या बंद काचांमधूनही तो कसा कोण जाणे आत येतो. मार्चमधल्या त्या बुधवारी तो आला तेव्हा मी निरोपाच्या मनःस्थितीत कपाटं आवरत होते.

अनंताला, माझ्या नवऱ्याला, जाऊन तीन महिने झाले होते. त्याच्या नावावरचा माझा व्हिसा संपत आला होता. शाळा आपल्या व्हिसावर मला ठेवून घ्यायला तयार होती. शाळेत ही कागदपत्रं पाहणारे दापोलीचे मुकादम दारातूनच म्हणाले होते, "वहिनी, सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगा. मग फाइल खलास, माझ्या हातात काही नाही." पण खलिफा सिटी या आखाती उपनगरातल्या आमच्या घरी, त्यांनीच आणून दिलेल्या टेपने, पुस्तकांची खोकी सांगलीसाठी बांधून झाली होती. मी दर आठवड्याला दर्शनी फळीवर एक नवं पुस्तक उभं करून ठेवी. मुलं गारव्याला येत, त्याच्यावरून नजर फिरवत आणि निघून जात. इथे राहण्याचं कारण मला सापडत नव्हतं.

त्याच दुपारी क्रीडाशिक्षक रॉबिन सर एक खोकं घेऊन आले. किंचित लंगडणारा हा इंग्रज गृहस्थ पूर्वी तिकडच्या खालच्या दर्जाच्या स्पर्धांत, कुणी नाव न ऐकलेल्या गावांच्या संघांतून, आघाडीला फुटबॉल खेळलेला. सोळा वर्षांत अकरा संघ. खोक्यात सामन्यांच्या दिवशी प्रेक्षकांना विकतात तसल्या पातळ पुस्तिका होत्या. घरात एक तर हे खोकं राहील नाहीतर तू, असं बायको म्हणाल्याचं त्यांनी सांगितलं, आणि खोकं ठेवून निघून गेले.

प्रत्येक मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक आकडा होता. सवयीने मी तो दाखल क्रमांक समजले आणि एकेक नोंदवत गेले. चाळिसाव्या पुस्तिकेशी थांबले. एकतीस दोनदा आला होता, सव्वीस चारदा. दाखल क्रमांक पुन्हा येत नसतो. दोन पुस्तकांना एकच क्रमांक हे आमच्या धंद्यातलं पाप.

दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा रॉबिन सर डोळे पुसेपर्यंत हसले. मग, थोडे संकोचून, सांगू लागले. बाजूने चेंडू आत येणार असं दिसलं की आघाडीच्या खेळाडूने गोलच्या जवळच्या खांबाकडे धावायचं. चेंडू बहुधा येतच नाही. पण अडवणारा मागे ओढला जातो आणि पाठीमागून येणाऱ्याला वाट मोकळी होते. गोल त्याच्या नावावर. असं किती वेळा धावलं ते कुणीच मोजत नाही, म्हणून घरी जाऊन ते स्वतः त्या सामन्याच्या पुस्तिकेवर आकडा लिहून ठेवत.

"चेंडू येणार नाही हे ठाऊक असतानाही धावायचं?" मी विचारलं.

"धावताना ठाऊक नसतं ना, मॅडम. ते धावून झाल्यावर कळतं."

त्या संध्याकाळी मी खोक्यांच्या मधोमध बसून होते. अनंता रास अल खैमाच्या सिरॅमिक कारखान्यात होता. मला इथे काम करता यावं म्हणून अकरा वर्षं दर शुक्रवारी वाळूतला तो लांब रस्ता कापून घरी येई आणि रविवारी परते. कधी मी तापाने झोपलेली असे, कधी रुसलेली, कधी पुस्तकात इतकी बुडालेली की मान वर करून 'आलास?' एवढंही म्हणत नसे. तो चहा टाकत असे, खिडकी उघडत असे. त्या येण्यांचा आकडा मी कुठे लिहिला नव्हता. मोकळी झालेली वाट मात्र माझी होती. तिच्यावरूनच चालत मी या ग्रंथालयापर्यंत आले होते.

शुक्रवारी सकाळी मी चुकीच्या चाळीस नोंदी खोडल्या आणि ग्रंथालयाच्या शेवटच्या क्रमांकापुढचे आकडे त्या पुस्तिकांना, शाईने, दिले. मग मुकादमांकडे जाऊन हो म्हटलं. त्यांनी फाइलवरून मान उचलली नाही. "इन्शाल्ला, पंधरा दिवसांत होईल. आणि वहिनी, ती घरची खोकी उघडा आता. झुरळं होतात."

संध्याकाळी शिक्षकांचा सामना होता. अनंताची गाडी आमच्या गल्लीत वळायची त्याच वेळी, ओल्या गवतावर तिरपं ऊन उतरलेलं असताना, डावीकडून कुणीतरी चेंडू उंच मारला आणि रॉबिन सर दुखऱ्या गुडघ्यानिशी जवळच्या खांबाकडे धावले. चेंडू त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेला. ते वळले आणि हात कमरेवर ठेवून सावकाश परत चालू लागले.

मी मनाशी म्हटलं, एक.