भाद्रपदात पाहिलेली पथारी

माझा विषय तत्त्वज्ञान. आमच्या गावात हे सांगितलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि विचारतो, "म्हणजे योगा का, सर?" पूर्वी मी नीट समजावून सांगायचो. आता नुसतं "तसंच काहीतरी" म्हणतो आणि चालायला लागतो. विषय घेणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, तेव्हापासून प्राचार्यांना मला पाहिलं की एखादं फुटकळ काम आठवतं. वृक्षारोपण माझ्याकडे, मतदार जागृती माझ्याकडे, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणंही माझ्याकडे. गावाचा नवा विकास आराखडा करायला पुण्याची एक खासगी संस्था आली. घरोघरी फिरायला तिला गावातला, अहिराणी बोलणारा माणूस हवा होता. प्राचार्यांनी दोन मिनिटांत माझं नाव देऊन टाकलं.

संस्थेच्या प्रमुखाला माझा विषय ऐकून मात्र आनंद झाला. तो म्हणाला, "सर, अहवालाच्या सुरुवातीला आम्हाला दोन पानं लागतातच. नियोजनामागचं तत्त्वज्ञान. ती तुम्हीच लिहा." एवढ्या वर्षांत माझ्या विषयाची कुणाला गरज पडली नव्हती. मी हुरळून गेलो. रात्री जागून दोन पानं लिहिली. गाव म्हणजे रस्ते आणि इमारती एवढंच नव्हे, नियोजनाच्या केंद्रस्थानी माणूस हवा, वगैरे वगैरे. त्यांनी ती गुळगुळीत कागदावर छापली आणि मागे सातपुड्याचा फोटो टाकला. हल्ली ती पानं समोर आली की मला स्वतःचाच राग येतो.

पानं लिहून झाली आणि आम्ही सर्वेक्षणाला निघालो. संस्थेची एक तरुण इंजिनिअर मुलगी आणि मी. मुलगी मेहनती होती, उन्हापावसाची तक्रार नव्हती. तिच्याकडे एक तक्ता होता. प्रत्येक जागेसमोर तिचा आजचा वापर लिहायचा, एका जागेला एकच वापर, आणि त्यावरून नकाशात रंग भरायचा. घराला पिवळा, दुकानाला निळा, सरकारी आणि सार्वजनिक जागांना लाल, बागेला हिरवा. काहीच नसेल तर पांढरा, म्हणजे रिकामी जागा.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आम्ही एका शिंप्याच्या घरी गेलो. मुसलमान कुटुंब, तीन पिढ्या त्याच गल्लीत. पुढच्या खोलीत दिवसा तीन मशीनं चालतात आणि संध्याकाळी तीच मशीनं भिंतीला सरकवून अंथरुणं पडतात. मुलीने विचारलं, "सर, हे घर लिहू की दुकान?" मी हसलो आणि म्हणालो, "मुख्य वापर बघ." मुख्य म्हणजे कुणाच्या लेखी मुख्य, हा प्रश्न मी वर्गात मुलांना विचारला असता आणि तासभर रंगवला असता. तिथे मला चहाची घाई होती.

भाद्रपदात आम्ही गावाबाहेरच्या पथारीवर पोचलो. पथारी म्हणजे मिरची वाळवायचा माळ. नंदुरबारच्या पथाऱ्यांपुढे आमची लहान, पण दिवाळीनंतर तिथे ट्रॅक्टर भरभरून ओली मिरची येते आणि माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल होतो. बाया ओळीने बसून देठ खुडतात. धडगावकडची कुटुंबं जीप भरून खाली उतरतात आणि माळाच्या कडेला पाल टाकून होळीपर्यंत राहतात. व्यापारी ही जागा पालिकेकडून हंगामापुरती भाड्याने घेतात. हे सगळं मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. वारा गावाकडे फिरला की आमच्या घरात सगळे शिंकतात.

पण त्या दिवशी माळावर गुडघाभर गवत होतं, मधल्या खळग्यात पाणी साचलं होतं आणि दोन म्हशी बसल्या होत्या. पाऊस पुन्हा भरून आला होता. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "लिही, रिकामी." तिने लिहिलं, मी खाली सही केली आणि आम्ही पळत रिक्षात बसलो.

आता माझ्या मूर्खपणाची खरी गंमत ऐका. अभाव हा मी दर वर्षी शिकवायचा धडा आहे. आपल्याकडच्या जुन्या तर्कपंडितांनी अभावालाही एक पदार्थ, म्हणजे खरोखर असलेली गोष्ट, मानलं आणि त्याचे प्रकार पाडले. जमिनीवर घडा नाही, असं म्हणालात की त्यांचा प्रश्न तयार. अजून घडायचा आहे, की होता आणि फुटला, की इथे कधी असणारच नाही? प्रत्येक 'नाही' वेगळं असतं, हे मी फळ्यावर घडा काढून सांगत आलो. आणि मिरची अजून यायची होती त्या जमिनीवर उभं राहून मी एका शब्दात विषय संपवला.

पुढच्या वर्षी आराखडा जाहीर झाला. पालिकेच्या भिंतीवर मोठा नकाशा लागला. पथारीवर हिरवा रंग होता. रिकामी जागा, पालिकेच्याच मालकीची, गावाला बाग कमी. हिशेबात कुठे चूक नव्हती. संस्थेतल्या कुणी मुद्दाम वाईट केलं असतं तर मला भांडायला तरी माणूस मिळाला असता.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी राहते. नवरा गेल्यापासून तिने पथारीवरच देठ खुडून दोन मुलींची लग्नं केली. आमच्या घरची वर्षाची मिरची तीच निवडून, देठ काढून आणून देते. नकाशा लागला त्याच आठवड्यात ती दारात आली. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच तिने विचारलं, "सर, आमनी पथारी रिकामी शे, असं कोनी लिखं?"

मी म्हणालो, "पुणावालासनी लिखं, मावशी."

जीभ अडखळलीसुद्धा नाही. मावशी म्हणाली, "पावसायामां इसन कोनी पथारी देखस का?" पावसाळ्यात कुणी बघत नाही, अशी मी मान हलवली आणि तिला सांगितलं की काळजी करू नको, हरकत नोंदवायला महिना आहे, मी लिहून देतो. ती हात जोडून गेली. ते जोडलेले हात मला अजून आठवतात.

हरकत मी जीव ओतून लिहिली. बाग झाली तर ह्या बाया कुठे बसणार, हायवेलगतच्या मोठ्या पथारीवर जायला रोजचं रिक्षाभाडं कुठून आणणार, डोंगरातून उतरणारी माणसं पाल कुठे टाकणार, सगळं मांडलं. हंगामातले फोटो जोडले. सुनावणीच्या दिवशी मावशी आणखी चार बायांना घेऊन आली. पाचही जणी धुतलेली लुगडी नेसून माझ्या मागच्या खुर्च्यांवर बसल्या.

हरकती ऐकणाऱ्या समितीचे अधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातले होते. माणूस सभ्य. त्यांनी माझी हरकत शेवटपर्यंत वाचली, मग फाइल चाळून एक कागद काढला आणि माझ्याकडे वळवला. "सर, रिकामी जागा असं ज्या तक्त्यात लिहिलंय, त्याच्याखाली स्थानिक समन्वयक म्हणून ही सही तुमचीच ना?"

मागे खुर्ची वाजली. मी वळून पाहिलं नाही. "हो," म्हणालो.

"मग तेव्हाचं खरं धरू की आत्ताचं?"

मी सांगायला लागलो. वस्तू नसणं आणि जागा रिकामी असणं यात फरक आहे, जागेचा वापर एका दिवसात दिसत नाही, तो वर्षभराच्या फेऱ्यात पाहावा लागतो. मी चांगलं बोललो असेन. निदान वर्गात इतकं मन लावून बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, अहवालातली तुमची पानं मी वाचलीत, छान आहेत. पण तत्त्वज्ञान तिथे ठीक. इथे पुरावा लागतो. सर्वेक्षणाच्या तारखेला तिथे मिरची होती, असा फोटो आहे का?"

भाद्रपदातल्या मिरचीचा फोटो मी कुठून आणणार? मला टेबल उलथून द्यावंसं वाटलं.

तेवढ्यात मावशी उठली. "साहेब, सरनं कॉलेज मे महिनामां बंद ऱ्हास. तठे कुलूप ऱ्हास. मंग तठेबी बगीचा करशात का?"

साहेबांना अहिराणी कळली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला ते मराठीत करून सांगावं लागलं: सरांचं कॉलेज मे महिन्यात बंद असतं, कुलूप असतं, मग तिथेही बाग करणार का? माझ्या दोन छापील पानांत आणि अर्ध्या तासाच्या बोलण्यात जे आलं नव्हतं, ते तिने तीन वाक्यांत सांगितलं होतं, आणि मी तिचा दुभाष्या झालो होतो. साहेब हसले. "मुद्दा चांगला आहे," म्हणाले, आणि शेऱ्यात लिहिलं, 'नोंद घेतली.' पुढच्या हरकतीचा नंबर पुकारला गेला.

बाहेर पायऱ्यांवर मावशीने मला गाठलं. आवाज चढवला नाही. "पुणावालासनी लिखं, असं सांगं व्हतं ना तुम्ही?" उत्तरासाठी ती थांबली नाही. बाकीच्या बाया पुढे गेल्या होत्या, ती त्यांच्या मागे गेली.

आराखडा अजून मंजूर व्हायचा होता, पण जागा पालिकेची आणि बागेचा निधी आलेला, त्यामुळे कुंपण घालायला कुणी थांबलं नाही. दिवाळीपर्यंत फाटक बसलं, सिमेंटचे बाक आले. झाडं लावायच्या कार्यक्रमाला प्राचार्यांनी कॉलेजतर्फे मलाच पाठवलं. मी खड्ड्यात गुलमोहराचं रोप धरून उभा राहिलो आणि फोटो निघाला. व्यापाऱ्यांनी हायवेजवळ जागा धरली. धडगावच्या जीप यंदा आमच्या गावात थांबल्याच नाहीत, सरळ गुजरातकडे गेल्या, असं स्टँडवर ऐकलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी कॉलेजला निघालो होतो. मावशी दारात उभी. सुनावणीनंतर पहिल्यांदाच आली होती. डोक्यावर मिरचीचं पोतं, मागे तिघी, त्यांच्याही डोक्यावर पोती. मला वाटलं, आमच्या घरची मिरची आणली. मी पोतं उतरवायला पुढे झालो.

"हाई तुमनी नही," ती म्हणाली. "शेटनी शे. हायवेवर जावाले परवडत नही, म्हणीसन शेटले सांगं, माल घर आना. पन मन्हा घरमां दोन बाया बठतीन एवढीबी जागा नही." मग ओसरीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "सर, तुम्ही कॉलेजमां जातस, बाई शाळामां जातस. दिनभर हाई ओसरी रिकामी ऱ्हास ना?"

तिच्या तोंडावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला जागा हवी होती आणि तिला दिसली होती.

मी बाजूला झालो. चौघींनी पोती उतरवली, गोणपाटं अंथरली आणि खुडायला बसल्या. तेव्हापासून रोज येतात. बायको शाळेतून आली की पदर नाकाला लावून घरात शिरते, दूधवाला फाटकातूनच शिंकतो. विकास आराखड्यात माझं घर अजून पिवळं आहे. ओसरीत चौघी मावतात. बाकीच्या कुठे गेल्या, हे मावशी सांगत नाही आणि मला विचारवत नाही.