पावाचं चिन्ह

शेजारचे आजोबा ग्वाटेमालाचे. इथे आखातात, अल खोरला मुलीकडे राहतात. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, म्हणून आमचं जमतं. त्यांच्या गावचा फुटबॉल क्लब बेकरीतल्या कामगारांनी काढला, हे ते दरवेळी नव्याने सांगतात.

“मग पुढे?” मी विचारते.

“विकला. खलास!” ते हात झटकतात.

काल ते मुलीने दिलेला क्लबचा नवा शर्ट घेऊन आले. त्यावर नव्या मालकांचं चिन्ह होतं. जुन्या शर्टावरचं पावाचं चिन्ह कापून आणलं होतं.

“यावर टिचबटणांनी लाव. मुलगी आली की काढीन.”

मी लावून दिलं. ते शर्ट अंगात घालूनच गेले.

संध्याकाळी मुलगी कंपनीच्या बसमधून उतरली. आजोबांचा हात छातीकडे गेलाच नाही. ती बघत राहिली. मग पुढे होऊन तिने सुटलेलं एक बटण दाबून बसवलं.