आजोबा त्याला प्रवास म्हणतात

आमच्या घरी किस्से ट्रंकांबरोबर येतात. कमळाआत्या विलायतेहून परतली की मुंबईच्या गाडीतून ट्रंका उतरतात, आणि त्या उघडण्याआधीच किस्से सुरू होतात. ट्रंका पुन्हा भरून निघून जातात, किस्से मात्र घरातच साठत राहतात. मी कोपऱ्यात बसून तुटलेले घुंगरू दोरीत ओवते. मी फारशी बोलत नाही, म्हणून माझ्यासमोर सगळे मोकळेपणाने बोलतात! मैत्रिणींनो, त्यातले थोडे तुमच्यासाठी.

आत्या नाचते. स्वतःच्या मनाने बसवलेले, अगदी नवे नाच. तिच्यामागे ना कुठलं संस्थान, ना कुठली कंपनी. ती स्वतः, तिच्याबरोबर नाचणारे आणि बोटीची तिकिटं काढणारे जनार्दनराव, आणि मृदंग वाजवणारे, नागपुरातल्या महाल पेठेतले सखारामकाका, एवढीच मंडळी. या तिघांनी व्हिएन्ना, लंडन, पॅरिस पाहिलं. खरं म्हणजे व्हिएन्ना, लंडन, पॅरिसने या तिघांना पाहिलं!

पाहिलं नाही ते फक्त नागपूरने. आणि आजोबांनी.

आजोबा म्हणजे आत्याचे वडील. कोर्टाचे शिरस्तेदार होते, सगळ्या कारकुनांचे वरिष्ठ. आत्याला त्यांनी कधी अडवलं नाही, पण 'नाच' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नाही. शेजारी विचारतात, "तात्यासाहेब, कमळाबाई विलायतेत काय करतात?"

"प्रवास."

या हिवाळ्यात आत्याने इथल्याच, नागपुरातल्या बर्डीवरचं थिएटर एका संध्याकाळपुरतं ठरवलं. माझ्या आईला म्हणाली, "वहिनी, पॅरिसात माझे पाय कापले नाहीत. इथे तात्या आले तर कापतील. आणि नाही आले, तर उचलणारच नाहीत."

०

व्हिएन्नाला पहिल्या कार्यक्रमाआधी आत्या नेहमीप्रमाणे वाकली आणि स्टेजला हात लावून नमस्कार केला. पडदा ओढणारा जाडजूड माणूस धावत आला. त्याला वाटलं, बाईंचं काहीतरी पडलं! बॅटरी पेटवून तो गुडघ्यांवर रांगत फळ्यांच्या फटी तपासायला लागला. कोणाची भाषा कोणाला येत नाही. शेवटी सखारामकाका ओरडले, "काही हरपलं नाही गा भाऊ! पाया पडून राहिली ते!"

तो काय समजला देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी पडदा ओढण्याआधी त्याने टोपी काढली आणि हळूच स्वतःही फळीला हात लावला!

"बोलायचं तं आपल्याच भाषेत बोलावं," सखारामकाका सांगतात. "समजते त्याइले."

०

लंडनला पहिला नाच अर्धा झाला तरी लोक गप्प. ना 'वाहवा', ना कोणाची मान हलत. सखारामकाकांचा धीर सुटला. मृदंगाआडून कुजबुजले, "बाई, सारे झोपले वाटते!" आणि त्यांना उठवायला म्हणून दुप्पट जोराने वाजवू लागले. मृदंग मागे लागला तशी आत्याही दुप्पट वेगाने नाचली. नाच संपला आणि अशा टाळ्या कडाडल्या की थांबेचनात. सखारामकाका घाबरून उभेच राहिले.

"जनार्दनराव, चिडले काय हे लोक?"

"नाही काका. तिकडे आधी गप्प बसतात आणि मग सगळं एकदम देतात."

"मंग आधी सांगावं ना! हाताची सालटी निघाली माही!"

तो नाच तेव्हापासून त्याच वेगाने होतो.

०

पॅरिसच्या थिएटरचा मॅनेजर म्हणाला, पोस्टरवर 'हिंदुस्थानची राजकन्या' छापू, गर्दी होईल. आत्या म्हणाली, "मी राजकन्या नाही. नागपूरच्या शिरस्तेदारांची मुलगी आहे. तेच छापा." छापलं! मग एक बड्या घरची बाई भेटायला आली आणि तिने अदबीने विचारलं, हे शिरस्तेदार केवढ्या मुलखावर राज्य करतात?

जनार्दनराव गंभीरपणे म्हणाले, "मुलूख लहान आहे, पण शिस्त फार कडक!"

हे ऐकून आम्ही सगळे पोट धरून हसलो. आजोबांनी मात्र चष्मा पुसला आणि म्हणाले, "निवृत्त शिरस्तेदार लिहायला हवं होतं. खोटं छापू नये."

०

हा किस्सा माझा आहे, म्हणून लहान आहे. आमची दूधवाली गंगाबाई मला म्हणाली, "काहून वं पोरी, तुही आत्या गोऱ्याइले नाच दाखवते म्हणतात. तिकडं नाचणाऱ्या बाया नाहीत काय?"

माझ्या तोंडून एकदम निघालं, "आहेत. पण आत्या नाही ना!"

मी लाजून आत पळाले. मागून गंगाबाई म्हणते, "मंग मीबी येतो बर्डीले. मलेबी पाहू दे!"

०

आता बर्डीची गोष्ट.

आत्याचा सगळ्यात गाजलेला नाच म्हणजे रिकाम्या हातांनी पागोटं बांधणं. कापड नाही, काही नाही. पण ती असे हात फिरवते की पेचावर पेच चढताना दिसतात. पॅरिसच्या वर्तमानपत्राने लिहिलं होतं, ही सूर्याची पुरातन पूजा आहे. आत्या म्हणाली, "पूजाच ती. आमच्या घरी रोज कोर्टाच्या वेळेला होत असे!" आजोबा पागोटं बांधायचे तेव्हा कापडाचं दुसरं टोक ताणून उभं राहायचं काम लहानग्या आत्याचं असे.

त्या संध्याकाळी आजोबा काठी घेऊन फिरायला गेले ते आलेच नाहीत. आम्ही त्यांच्याशिवाय थिएटरात गेलो. पुढच्या रांगेत त्यांची खुर्ची रिकामी. आत्या सारखी पडद्याच्या फटीतून त्या खुर्चीकडे बघत होती.

पागोट्याचा नाच सुरू होणार, इतक्यात आजोबा आले आणि खुर्चीत ताठ बसले.

आत्याने हात उचलले. पहिला पेच, दुसरा पेच. मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे, हे तर शिरस्तेदारसाहेबांचं पागोटं!" थिएटरभर हशा पिकला. आईने माझा हात घट्ट धरला.

आजोबा उभे राहिले. मला वाटलं, निघाले.

"कमळे!" त्यांनी काठी आपटली. "ताण कुठे आहे? दुसरं टोक कोणी धरलंय? असं ढिलं बांधलं तर पागोटं कोर्टाच्या फाटकापर्यंतसुद्धा टिकायचं नाही!"

सखारामकाकांचे हात मृदंगावर थांबले. आत्या होती तशीच उभी.

आजोबांनी काठी खुर्चीवर ठेवली. स्टेजपाशी गेले, एक पाय मागे रोवला आणि हवेत दोन्ही मुठी घट्ट आवळल्या.

"हं. धरलंय मी. बांध आता."